दियोक्लेसचा हिशोब: ४,२५७ शर्यती आणि एक शाबूत मान

रोमन रथशर्यतींचा विषय निघाला की एक आकडा हमखास कानावर येतो: १५ अब्ज डॉलर. गायुस अप्पुलेयुस दियोक्लेस नावाच्या सारथ्याने म्हणे इतके कमावले, म्हणजे तो आजवरचा सर्वांत श्रीमंत खेळाडू, आजचे फुटबॉलवाले त्याच्यापुढे किरकोळ. २०१० साली एका अमेरिकी प्राध्यापकाने एका लेखात हा हिशोब मांडला आणि तेव्हापासून तो या ना त्या रूपात मोबाइलवर फिरतोच आहे. दियोक्लेस होऊन गेला हे खरं. त्याच्या नावावरची रक्कमही खरी. डॉलरांचं मात्र जरा अवघड आहे, पण त्याला नंतर हात घालू. कुणी बेरीज हातात दिली की आधी मूळ वही बघायची, ही माझी खोड. इथे वही नाही, दगड आहे.

दगडावरची वही

इ. स. १४६ च्या सुमारास रोममध्ये लाल चमूच्या (चमू रंगांवरून ओळखले जात) या सारथ्यासाठी एक लांबलचक शिलालेख कोरला गेला. गौरवलेख म्हटल्यावर आपण विशेषणांच्या माळेची तयारी ठेवतो. इथे विशेषणं थोडी, बाकी सगळे आकडेच आकडे. क्रिकेटच्या आकडेवेड्यांनी बघावा असा हा दगड.

दियोक्लेस लुसितानियाचा, म्हणजे साधारण आजच्या पोर्तुगालचा. वय ४२ वर्षं, ७ महिने, २३ दिवस. पहिल्यांदा रथ हाकला तो १२२ साली, पांढऱ्या चमूकडून. पहिला विजय १२४ साली. १२८ मध्ये हिरव्यांकडे, आणि १३१ मध्ये लाल चमूकडून पहिला विजय. एकूण २४ वर्षं, ४,२५७ शर्यती, १,४६२ विजय. दुसरा नंबर ८६१ वेळा, तिसरा ५७६ वेळा, चौथा फक्त एकदा आणि त्याचे १,००० सेस्टर्स (सेस्टर्स हे रोमन नाणं). हे हजार सेस्टर्सही कुणीतरी आठवणीने कोरायला लावले, यावरून वही किती काटेकोर ठेवली होती ते कळतं. सगळी मिळून कमाई ३,५८,६३,१२० सेस्टर्स.

आता तपासणी. सारथ्यांच्या श्रीमंतीची गोष्ट सांगताना सगळे मोठ्या बक्षिसांबद्दल बोलतात. दगडावर ती वेगळी मांडली आहेत: ३०,००० सेस्टर्सची ३२, ४०,००० ची २८, ५०,००० ची २९ आणि ६०,००० ची ३. म्हणजे ९२ मोठे विजय. बेरीज करा: ३७,१०,०००. एकूण कमाईच्या दहा टक्क्यांच्या थोडं वर. उरलेले सव्वातीन कोटींच्या आसपासचे सेस्टर्स आले १,३७० साध्या विजयांतून आणि चौदाशेवर वेळा मिळालेल्या दुसऱ्या-तिसऱ्या नंबरांतून. सहा घोड्यांचा रथ, सात घोड्यांचा रथ, असले डोळे दिपवणारे प्रकार त्याने केले, पण घर चाललं ते रोजच्या धंद्यावर. वर्षाला सरासरी १७७ शर्यती. दिवसाआड जवळपास एक, असं २४ वर्षं.

आणखी एक गोष्ट या वहीतून निघते, तिच्याकडे फारसं कुणी बघत नाही. शर्यतीत प्रत्येक चमू एक, दोन किंवा तीन रथ उतरवी. चमू चार: लाल, पांढरा, निळा, हिरवा. म्हणजे मैदानात एका वेळी चार, आठ किंवा बारा रथ. दियोक्लेसच्या १,४६२ पैकी १,०६४ विजय चार रथांच्या शर्यतीतले आहेत. दोन-दोन रथांच्या शर्यतीतले ३४७, आणि तीन-तीनच्या, म्हणजे बारा रथांच्या गर्दीतले फक्त ५१. चारांत एक, म्हणजे नुसत्या नशिबावर चौथा हिस्सा विजय मिळायला हरकत नाही. त्याने तिसऱ्या हिश्शाहून थोडे जास्त मिळवले. कौतुक आहेच, पण चमत्कार नव्हे. आणि चार रथांच्या शर्यतीत वळणावर गर्दी कमी असते, हा मुद्दा पैशाइतकाच महत्त्वाचा.

वळण

चिर्कुस माक्सिमुस हे रोममधलं शर्यतींचं मैदान सहाशे मीटर लांबीचं. दीड लाख माणूस तरी सहज बसायचं. एका टोकाला बारा दरवाजे, मधोमध लांबच लांब बांधीव कणा, त्याच्या दोन्ही टोकांना तीन-तीन सुळक्यांचे खांब. शर्यतीचा यजमान वरून पांढरं फडकं टाकायचा, दरवाजे उघडायचे, आणि सात फेऱ्या. किती झाल्या ते कळावं म्हणून कण्यावर सात अंडी आणि सात डॉल्फिन मासे. डॉल्फिन बसवले सेनापती अग्रिप्पाने, इ. स. पू. ३३ मध्ये. सगळी वळणं डावीकडे.

चार घोड्यांतले मधले दोन जुवाखाली. बाहेरचे दोन नुसत्या दोरांनी जोडलेले. सगळी मदार डावीकडच्या टोकाच्या घोड्यावर, कारण वळताना खांबाला घासून जायचं ते त्याने. तो अर्धा पाऊल बाहेर गेला तर आतली जागा मागचा रथ खाणार. अर्धा पाऊल आत आला तर चाक दगडावर. रथ म्हणजे हलकी लाकडी चौकट, तिला चामडं, आणि उभं राहायला जेमतेम जागा. वजन जितकं कमी तितका वेग, म्हणून धरून ठेवण्यासारखं त्यात फारसं काही नाही.

लगाम हातात नुसते धरत नसत, कमरेला गुंडाळत. हे रोमन सारथ्यांचं खास. अंगाचं सगळं वजन मागे टाकून चार घोडे ओढता येतात, उजवा हात चाबकाला मोकळा राहतो. पण रथ फुटला की घोडे थांबत नाहीत आणि माणूस त्यांना बांधलेला असतो. त्यासाठी कंबरपट्ट्यात वाकडी सुरी खोचलेली असायची. वाळूतून फरफटत जाताना ती काढायची आणि लगाम कापायचे. डोक्याला चामड्याचं शिरस्त्राण, पायांना पट्ट्या, संरक्षण संपलं. अशा अपघाताला प्रेक्षकांनी दिलेलं नाव होतं नौफ्रागियुम, म्हणजे जहाज फुटणं.

दियोक्लेसने प्रत्येक शर्यत पुरी केली असं धरलं, आणि एका शर्यतीत तेरा वळणं मोजली, तर आयुष्यात त्याने ५५ हजारांवर वळणं घेतली. त्यातलं एकही त्याला बाधलं नसेल असं कोण म्हणेल? रोमन विश्वकोशकार प्लिनी थोरला सांगतो की ओढले गेलेले, चाकाखाली आलेले, मार लागलेले सारथी रानडुकराचं शेण लावायचे. वसंतात गोळा करून वाळवलेलं. काही जण त्याची राख पाण्यातून घेत, आणि रथाचा शौक असलेला सम्राट नीरोही ते प्यायचा म्हणे. ज्या धंद्यातल्या दुखापतीवरच्या औषधाची नोंद विश्वकोशात जाते, त्या धंद्यात दुखापती किती होत्या याचा वेगळा पुरावा लागू नये.

दियोक्लेसच्या १,४६२ विजयांतले ८१५ असे आहेत की त्याने सुरुवातीलाच आघाडी घेतली आणि ती सोडली नाही. ५०२ अगदी शेवटच्या टप्प्यात हिसकावलेले. मागून येऊन जिंकलेले ६७. मला हे ८१५ फार बोलके वाटतात. पुढे असणाऱ्याच्या समोर फुटणारा रथ नसतो. शेवटी मुसंडी मारणं प्रेक्षकांना आवडतं आणि दगडानेही त्याचा तोरा मिरवला आहे, पण माणूस ४२ पर्यंत जगला तो बहुधा आधीच पुढे निघून जाण्याच्या सवयीमुळे.

१२४ साल

आता दुसरा दगड, क्रेसेन्सचा. मूर, म्हणजे उत्तर आफ्रिकेचा. निळ्या चमूचा सारथी. ११५ साली, वयाच्या तेराव्या वर्षी, नेर्व्हा सम्राटाच्या जन्मदिनाच्या खेळात चोविसाव्या शर्यतीत त्याने चार घोड्यांच्या रथावर पहिला विजय मिळवला. घोड्यांची नावंसुद्धा आहेत: किर्कियुस, अक्केप्तोर, देलिकातुस, कोतिनुस. त्यानंतर १२४ पर्यंत ६८६ शर्यती, ४७ विजय, १३० वेळा दुसरा, १११ वेळा तिसरा. कमाई १५,५८,३४६ सेस्टर्स. वय २२. तिथे वही संपते.

१२४ हे तेच साल, ज्या वर्षी दियोक्लेसने पहिला विजय मिळवला. दोघेही साम्राज्याच्या पश्चिम कडेवरून आलेले. वयात दोनेक वर्षांचं अंतर. १२२ ते १२४ ही दोन वर्षं दोघांच्याही वहीत आहेत, त्या मैदानाच्या वाळूत दोघांच्या चाकांचे माग एकमेकांत मिसळले असणार. त्या वेळी पैज लावायला सांगितलं असतं तर मी क्रेसेन्सवर लावली असती. तो नऊ वर्षांचा अनुभवी, पंधरा लाख कमावलेला. आणि हा दियोक्लेस दोन वर्षं पांढऱ्यांकडे रथ हाकून एकदाही न जिंकलेला.

क्रेसेन्स कशाने गेला ते दगड सांगत नाही. अपघात, ताप, काहीही. पण असे दगड एकाशेजारी एक ठेवले की वयं अंगावर येतात. हिरव्या चमूचा फुस्कुस, उतरला त्याच दिवशी जिंकलेला, २४ व्या वर्षी गेला. पोलिनीकेस आणि तातियानुस हे दोघे भाऊ, जन्मतः गुलाम: थोरला ७३९ विजय मिळवून तिशीच्या आत, धाकटा १२५ विजयांवर विसाव्या वर्षी. स्कोर्पुस, २,०४८ विजय, २७ वर्षं. त्याच्यावर कवी मार्शिअलने लिहिलेल्या ओळी प्रसिद्ध आहेत: दैवाने त्याचे विजय मोजले आणि तो म्हातारा झाला असं समजून त्याला उचललं. हाच मार्शिअल दुसरीकडे कुरकुरतो की स्कोर्पुस तासाभरात सोन्याच्या पंधरा जड थैल्या घेऊन जातो. कवीचा मत्सर समजण्यासारखा आहे.

सगळ्यांत चटका लावणारा दगड रोमचा नाहीच, स्पेनमधल्या तार्राकोचा. एव्हतिकेस, वय २२, चार घोड्यांच्या रथाची उमेदवारी करत असलेला. तो आजाराने गेला, वैद्यांना काही करता आलं नाही. दगडावर त्याच्या तोंडी खंत घातली आहे ती अशी: मैदानात मरण्याची कीर्ती मला मिळाली नाही.

दियोक्लेसच्या दगडामागे असे किती आहेत याचा विचार केल्याशिवाय त्याच्या ३ कोटी ५८ लाखांचा अर्थ लागत नाही. लॉटरी लागलेल्याचा फोटो छापतात तसा तो दगड आहे. ज्यांना दगड परवडला नाही, ज्यांच्या चमूने लावला नाही, त्यांच्या वह्याच नाहीत.

पैसा कुणाचा

दगडावर रक्कम दियोक्लेसच्या नावे आहे. ती त्याच्या खिशात गेली असं मात्र गृहीत धरता येत नाही. शर्यतींचा खर्च करायचा सरकारी अधिकारी किंवा सम्राट. घोडे, रथ, तबेले, सारथी, वैद्य, पाणी मारणारी पोरं, सगळा फौजफाटा पुरवायचे चमूंचे मालक. बक्षीस यजमानाकडून चमूकडे. त्यातून सारथ्याला वाटा. गुलाम असला तर तो वाटाही मालकाच्या मर्जीवर.

याचा एक गमतीदार पुरावा सम्राटांचा चरित्रकार सुएतोनियुसने नोंदवला आहे. नीरोचा बाप दोमितियुस अहेनोबार्बुस प्रेटर, म्हणजे वरिष्ठ सरकारी अधिकारी, असताना त्याने विजेत्या सारथ्यांची बक्षिसं बुडवली. त्याच्या सख्ख्या बहिणीनेही त्यावरून त्याची टर उडवली. आणि तक्रार घेऊन कोण आलं? चमूंचे मालक. मग बक्षीस यापुढे जागच्या जागी रोख द्यायचं, असा त्याने हुकूम काढला. थकबाकीवर ओरडतो तो मालक, एवढं लक्षात ठेवलं की पुरे.

दियोक्लेसची स्थिती बरी असावी. त्याला तीन नावं आहेत, म्हणजे तो रोमन नागरिक. शेवटचं नाव ग्रीक असल्यामुळे घराण्यात कधीतरी गुलामी असावी अशी शंका घेता येते, पण लाल चमूकडे तो जवळपास पंधरा वर्षं राहिला तेव्हा अटी घालण्याच्या ताकदीत होता. तीन चमू बदललेला माणूस. लोकांना याचा राग आला का? रोमन लेखक प्लिनी धाकट्याने प्रेक्षकांबद्दल लिहिलंय ते इथे आठवतं: हे लोक घोड्यांवर किंवा सारथ्यावर प्रेम करत नाहीत, कापडाच्या रंगावर करतात. शर्यत चालू असताना दोघांनी रंग बदलले तर ज्याचं नाव घेऊन मगाशी ओरडत होते त्याला तिथल्या तिथे सोडून देतील. प्लिनीला हे तुच्छतेने म्हणायचं होतं. चमू बदलणाऱ्या सारथ्याला मात्र हीच सोय होती.

अर्थात या प्रेमाची दुसरी बाजू शिशाच्या पत्र्यावर लिहून थडग्यात सारली जायची. आजच्या ट्युनिशियातल्या सूसला, म्हणजे जुन्या हाद्रुमेतुमला, असा पत्रा सापडला. कुणीतरी भुताला शपथ घातली आहे: हिरव्यांचे आणि पांढऱ्यांचे घोडे छळून मार, क्लारुस, फेलिक्स, प्रिमुलुस आणि रोमानुस या सारथ्यांना आपटून ठार कर, त्यांच्यात श्वास शिल्लक ठेवू नकोस. नावं नीट लिहिली आहेत, भुताचा घोटाळा व्हायला नको.

दगडाची वकिली

एक गोष्ट हळूच सांगायला हवी. दगड दियोक्लेसला सर्व सारथ्यांत श्रेष्ठ म्हणतो, पण विजयांच्या संख्येत तो पहिला नव्हता, आणि हेही त्याच दगडावरून कळतं. पोम्पेयुस मुस्क्लोसुसचे ३,५५९ विजय, स्कोर्पुसचे २,०४८. निळ्यांच्या पोंतियुस एपाफ्रोदितुसचे १,४६७, म्हणजे दियोक्लेसपेक्षा नेमके पाच जास्त! मग वकिली सुरू होते. एपाफ्रोदितुसचे चार रथांच्या शर्यतीतले विजय ९११, आमचे १,०६४. शेवटच्या टप्प्यात हिसकावलेले त्याचे ४६७, आमचे ५०२. आणि मुस्क्लोसुस, स्कोर्पुस, तेरेस या तिघांनी मिळून ५०,००० ची बक्षिसं २८ वेळा जिंकली, आमच्या एकट्याने २९ वेळा. जो रकाना सोयीचा तो पुढे करायचा, ही कला तेव्हाही तयार होती. मला या दगडाबद्दल ममत्व वाटतं ते यामुळेच. लिहिणारा पक्का लाल चमूचा होता.

घोड्यांनाही त्याने विसरलेलं नाही. दियोक्लेसने नऊ घोड्यांना शंभर विजयांपर्यंत नेलं आणि एकाला दोनशेपर्यंत, अशी वेगळी नोंद आहे.

आणि ते डॉलर

त्या काळी लीजनमधल्या, म्हणजे रोमन फौजेच्या मुख्य पलटणींतल्या, साध्या सैनिकाला वर्षाला १,२०० सेस्टर्स मिळत. दियोक्लेसची सगळी रक्कम भागली तर सुमारे २९,९०० सैनिकांचा एका वर्षाचा पगार होतो. इथवर मलाही मान्य. मूळ लेखातली पुढची उडी अशी: ही रक्कम सबंध रोमन सैन्याला वर्षाच्या पाचव्या हिश्शाइतका काळ पोसू शकली असती, अमेरिकेच्या सैन्याला तेवढ्याच काळासाठी आज जे वेतन लागेल, ते १५ अब्ज डॉलर. हे म्हणजे शनिवारवाड्यावरच्या पहारेकऱ्याचा पगार आजच्या सुरक्षा कंपनीच्या दरपत्रकावरून काढण्यासारखं झालं. अमेरिकी सैनिकाचं वेतन आणि रोमन सैनिकाचं धान्य-कपडे कापून हातात पडणारं वेतन यांत काही नातं नाही. दोन्हीकडे 'सैन्य' हा शब्द आहे, एवढंच. शिवाय एका बाजूला २४ वर्षांची कमाई, दुसऱ्या बाजूला काही महिन्यांचा खर्च.

रोमच्याच मापाने मोजलं तर चित्र स्वच्छ दिसतं. सेनेटर व्हायला किमान १० लाख सेस्टर्सची मालमत्ता लागे. दियोक्लेसच्या नावावर वर्षाला सरासरी १५ लाख येत होते. म्हणजे शेकडो वर्षांच्या घराण्यांनी जमवायची ती किमान पत वर्ष संपायच्या आत, चाबकाच्या धंद्यात. उपहासकवी युवेनालने शंभर वकिलांची मिळकत एका पारड्यात आणि लाल चमूच्या एका सारथ्याची दुसऱ्या पारड्यात टाकली, तो राग इथून येतो. पण तत्त्वज्ञ सेनेकाकडे ३० कोटी सेस्टर्स असल्याचं इतिहासकार ताकितुसच्या लिखाणात येतं. सगळी रक्कम खिशात गेली असं मानलं तरी दियोक्लेस त्याच्या आठव्या हिश्शाच्याही खालीच. खराखुरा पैसा रोममध्ये जमिनीत, सावकारीत आणि सम्राटाच्या ओळखीत होता; वळणावर नव्हता.

दियोक्लेस रथावरून उतरला, आणि बहुधा स्वतःच्या पायांनी. रोमच्या पूर्वेला प्रेनेस्ते नावाचं डोंगरउतारावरचं गाव आहे, आजचं पालेस्त्रीना. तिथे फोर्तुना प्रिमिगेनिया या दैवदेवतेचं मोठं देऊळ होतं, लोक लांबून कौल लावायला येत. तिथे दियोक्लेसच्या नावाचा दुसरा, छोटा लेख सापडला. देवीला अर्पण करणारी त्याची मुलं, मुलगा निम्फिदियानुस आणि मुलगी निम्फिदिया. 'लाल चमूचा अग्रणी सारथी, हिस्पानियाचा' एवढीच त्याची ओळख त्यात दिली आहे. किती शर्यती, किती विजय, किती सेस्टर्स, यातला एकही आकडा मुलांनी कोरलेला नाही.